ऋतू आणि सण धरून विणायचं, तर कोणता टाका कशासाठी?

प्रश्न असा आहे: "सुयांवर सुलट-उलट आणि क्रोशावर साखळी-खांब एवढं मला नीट येतं. वर्षभर ऋतूप्रमाणे आणि सणावाराला हातानं केलेल्या वस्तू घरात वापराव्यात, भेट द्याव्यात असं मनात आहे. पण नमुने शोधायला गेलं की शेकडो टाके समोर येतात आणि बहुतेक वस्तू बर्फातल्या थंडीसाठी असतात. आम्ही ठाण्यात राहतो. कोणता टाका कशासाठी घ्यायचा हे ठरवायचं कसं?"

मी विणकामाचे वर्ग घेते आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नमुन्याचा फोटो बघून टाका निवडला की बहुतेक वेळा फसायला होतं. त्या टाक्याचं कापड कसं वागतं ते आधी बघा. कडा गुंडाळतात का? ताणलं तर परत जागेवर येतं का? वारा खेळतो का? धुतल्यावर लोंबतं का? मागची बाजू दिसली तर चालेल का? या पाच प्रश्नांची उत्तरं कळली की शेकडो टाक्यांतले तुमच्या कामाचे पाच-सहा आपोआप वेगळे निघतात.

आणि ऋतू आपला धरा. परदेशी नमुन्यांत ऑक्टोबर आला की जाड लोकर निघते. आपल्याकडे ऑक्टोबर हा घामाचा महिना. ठाण्या-मुंबईत लोकरीचा स्वेटर डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या पहाटेच अंगावर चढतो. नाशिक, निफाड, महाबळेश्वर, विदर्भाचा बराचसा भाग इथली गोष्ट वेगळी. तिथे लोकर खरोखर लागते. तेव्हा तुमच्या घरासाठी वर्षाचे आठ-नऊ महिने सुती दोरा आणि क्रोशा, आणि थंडीच्या गावी राहणाऱ्या नातेवाइकांसाठी, तान्ह्या बाळांसाठी सुया आणि लोकर, अशी वाटणी मी सुचवेन.

टाक्याच्या आधी दोऱ्याबद्दल बोलायला हवं, कारण तोच टाका लोकरीत एक कापड देतो आणि सुतात दुसरंच. दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं अ‍ॅक्रिलिक असतं. त्यात वाईट काही नाही; ते स्वस्त आहे, धुवायला सोपं आहे, कसर त्याला लागत नाही. पण आपण काय हातात घेतलंय ते माहीत हवं. लेबल नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून बेसिनवर जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटांत चुरगळते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. सूत कागदासारखं जळतं. म्हणूनच गरम भांड्याखालची चकती किंवा पातेलं उचलायची फडकी अ‍ॅक्रिलिकची कधीच करू नका. तिथे फक्त सूत, आणि तेही दुहेरी.

खरी लोकर ताणली तर परत जागेवर येते, सूत येत नाही. त्यामुळे जिथे टाक्याला लवचीकपणा हवा (टोपीची पट्टी, मनगट, मोजे) तिथे लोकर किंवा अ‍ॅक्रिलिक घ्यावं. सुती कापड स्वतःच्या वजनानं खाली ओढलं जातं. सुती झोळीला मोठी भोकं असलेली जाळी घातली तर दोन किलो बटाटे भरल्यावर ती गुडघ्यापर्यंत येते. म्हणून झोळीचा तळ घट्ट मुक्या खांबांचा (सुईवर आधी वेढा न घेता घातलेल्या बुटक्या खांबांचा) ठेवायचा, जाळी फक्त मधल्या भागात, आणि बंद रुंद करायचे.

आता सुयांवरचे टाके.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट, हे सगळ्यांना पहिल्यांदा येतं आणि सगळ्यांचा पहिला मफलर याचाच असतो. तो मफलर कडांनी आत वळून नळी होतो. यात विणणारीच्या हाताचा काही दोष नसतो. सुलट बाजूचे आणि उलट बाजूचे ताण वेगळे असतात, त्यामुळे या कापडाची वरची-खालची कड पुढच्या बाजूला वळते आणि डाव्या-उजव्या कडा मागे वळतात. इस्त्री केली तरी दोन दिवसांत पुन्हा वळतात. स्वेटरच्या अंगाला हा टाका उत्तम, कारण कडा शिवणीत जातात. मफलर, दुपटं, रुमाल अशा मोकळ्या कडांच्या वस्तूला मात्र चारही बाजूंनी वेगळा काठ हवा: दोन्ही बाजूंना पाच-पाच टाके आणि वर-खाली आठ-दहा ओळी सगळ्या सुलट.

सगळ्याच ओळी सुलट विणल्या की आडव्या वळ्या दिसतात. नवशिक्यांचा टाका म्हणून लोक याला नाक मुरडतात, मला तो अतिशय आवडतो. तो सपाट पडतो, दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, आणि ओळी एकमेकींवर बसत असल्यामुळे कापड जाड आणि मऊ होतं. शिवाय त्याचं गणित सोपं आहे: जितके टाके, त्याच्या दुप्पट ओळी विणल्या की जवळजवळ चौरस तयार. ४० टाके, ८० ओळी. तान्ह्याच्या दुपट्यासाठी असे चौरस विणून जोडले तर प्रवासातही काम होतं.

एक सुलट एक उलट, आणि पुढच्या ओळीत सुलटावर उलट, उलटावर सुलट असं केलं की दाणेदार कापड येतं. हेही वळत नाही. पण दर टाक्याला दोरा पुढे-मागे न्यावा लागतो, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि लोकरही जास्त खातं. मोठ्या शालीला घेऊ नका. स्वेटरचा गळा, बटणपट्टी, खिसा इथे ते खुलतं.

सुलटावर सुलट आणि उलटावर उलट ठेवत गेलात तर उभ्या पट्ट्या पडतात, त्याला सगळे रिब म्हणतात. सुलटाचे रकाने पुढे येतात, उलटाचे मागे जातात, आणि कापड मिटतं; ओढलं की उघडतं. दोन-दोनचं रिब करताना टाके चारच्या पटीत अधिक दोन घ्या, म्हणजे दोन्ही कडा सारख्या येतात. स्वेटरच्या अंगाला जी सुई वापरता तिच्यापेक्षा एक-दोन नंबर बारीक सुई रिबला घ्या. हे न केल्यामुळे पुष्कळ स्वेटरांचा घेर खाली छत्रीसारखा उघडा राहतो.

वेणीचा टाका सगळ्यांना हवा असतो. सहा टाक्यांची वेणी असेल तर तीन टाके छोट्या जादा सुईवर काढून पुढे धरायचे, पुढचे तीन सुलट विणायचे, मग धरलेले तीन विणायचे. दर सहा किंवा आठ ओळींनी हीच अदलाबदल. दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट टाके ठेवले की वेणी उठून दिसते. करायला वाटतो त्यापेक्षा सोपा. पण टाके एकमेकांवर चढत असल्यामुळे कापड आकसतं आणि जाड होतं, लोकर बरीच जास्त लागते. अंगभर वेण्यांचा स्वेटर आयर्लंडच्या समुद्रवाऱ्यात शोभतो. ठाण्यात तो कपाटातच राहील. तुमचं कुणी टोरंटोला किंवा सिमल्याला असेल तर जरूर करा. इथे हौस भागवायची तर कानटोपीच्या कपाळावर एकच वेणी आडवी घाला.

ओळीत दोन रंग एकदम चालवायच्या नक्षीचंही तेच. मागून जाणारे दोरे कापडाला दुहेरी करतात, ते फार गरम होतं. शिवाय मागचा दोरा पाच टाक्यांपेक्षा लांब मोकळा ठेवला तर बाळाची बोटं अडकतात. टोपीच्या पट्टीपुरतं ठीक.

जाळीचं विणकाम मात्र आपल्या हवेला अगदी योग्य आहे आणि त्यावर मला जरा रेंगाळायचंय. जाळीचं सगळं तत्त्व एका हिशेबात आहे: सुईवर दोरा घेऊन एक भोक पाडलं की एक टाका वाढतो, म्हणून कुठेतरी दोन टाके एकत्र विणून तो वजा करायचा. भोक आणि जोडटाका शेजारी-शेजारी ठेवले तर साधी जाळी. त्यांना लांब-लांब ठेवलं तर कापड लाटांसारखं वळतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय आणि तिथला लाटांचा एक जुना नमुना मी दर वेळी पहिला शिकवते, कारण चार ओळींत फक्त एकच ओळ डोकं लावून विणायची असते. टाके १८ च्या पटीत घ्या. पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी सगळी उलट. तिसऱ्या ओळीत दोन टाके एकत्र सुलट, असं तीन वेळा. मग दोरा वर घेऊन एक सुलट, असं सहा वेळा. मग पुन्हा दोन एकत्र सुलट, तीन वेळा. चौथी ओळ सगळी सुलट. झालं. सहा टाके कमी, सहा जास्त, बेरीज तीच. या चार ओळी परत-परत केल्या की लाटा उमटतात, आणि दर चार ओळींनी रंग बदलला तर त्या आणखी खुलतात.

बाळाच्या दुपट्यासाठी याचा हिशेब करून दाखवते. चार पदरी लोकरीत तुमचे १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील, तर लाटांचे नऊ गट म्हणजे १६२ टाके, दोन्ही काठांना पाच-पाच धरून १७२. रुंदी साधारण ७८ सेंटिमीटर, धुवून ताणून वाळवल्यावर थोडी जास्तच. इतके टाके सरळ सुयांवर दाटतात. मध्ये वायर असलेली गोल सुई घ्या आणि तिच्यावर पुढे-मागे विणा. आणि दर १५-२० ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा दाभणात घेऊन सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे काही चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंत उसवायचं आणि तिथून परत उचलायचं. जाळी विणणारीला रात्रीची शांत झोप यामुळे लागते.

बाळाच्या वस्तूंबद्दल एक गोष्ट मी कळकळीनं सांगते. मोठ्या भोकांची जाळी बाळाच्या मोज्यांना, हातमोज्यांना नको, बोटं अडकतात. गळ्याशी नाडी नको. मणी, मोती, चिकटवलेली बटणं नकोत. कुंची विणायची असेल तर मानेशी नाडी ओवण्याऐवजी दहा-बारा ओळी रिब घाला. रिब आपणहून मिटतं, मानेला हलकेच धरतं, आणि ओढलं तर उघडतं. डोक्याचा भाग साधा, मानेशी रिब, आणि पाठीवर उतरणाऱ्या भागाला वर सांगितलेल्या लाटा: अशी कुंची दिसायला सुरेख आणि वापरायला निर्धास्त. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात जन्मलेल्या बाळाला यापेक्षा चांगली भेट मला तरी माहीत नाही.

थंडीतच संक्रांत येते, आणि क्रोशाच्या एका टाक्याचं तिच्याशी फार छान जमतं. बाळाच्या पहिल्या संक्रांतीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करतात. खरे हलव्याचे दागिने हौसेचे, पण ते अंगाला चिकटतात आणि बाळ ते तोंडात घालतं. हलव्याचा काटेरी दाणा क्रोशात हुबेहूब उतरतो. एकाच घरात (म्हणजे खालच्या एकाच टाक्यात) पाच खांब अर्धवट घ्यायचे, म्हणजे प्रत्येकाची शेवटची गाठ सुईवरच ठेवायची, आणि मग सगळ्यांतून दोरा एकदम ओढून घ्यायचा. शेजारी मुका खांब. दाणा टपोरा उठतो. हे दाणे उलट बाजूच्या ओळीत घाला, म्हणजे ते सुलट बाजूला फुगतात. त्याहून बारीक दाणा हवा तर काठावर तीन साखळ्या घालून त्याच घरात मिटवा. पांढऱ्या सुती दोऱ्याचा असा हार, मुकुट, बाजूबंद धुता येतो, पुढच्या बाळासाठी ठेवता येतो, आणि एकही मणी न वापरता होतो. खालचं झबलं काळ्या सुताचं. काळ्या रंगावर टाके दिसत नाहीत, तेव्हा ते काम दिवसाच्या उजेडात करा आणि मांडीवर पांढरा पंचा पसरून बसा; टाक्यांमधून पांढरं दिसत राहिलं की डोळ्यांना ताण पडत नाही.

उन्हाळ्यात लोकरीला हात लावू नका, घामट बोटांवर ती सरकत नाही. या दिवसांत सुती दोऱ्याची लहान-लहान कामं काढा. पन्ह्याच्या, ताकाच्या पेल्यावर झाकायची गोल जाळी हे मला सगळ्यात आवडणारं काम. गोल सपाट येण्यासाठी नियम पाठ करा: खांबांचा गोल असेल तर पहिल्या फेरीत १२ आणि पुढे दर फेरीत १२ वाढवायचे, म्हणजे १२, २४, ३६, मुक्या खांबांचा असेल तर ६, १२, १८. कड झालरीसारखी उठली तर टाके जास्त झाले, वाटीसारखी वळली तर कमी पडले. शेवटच्या फेरीत थोड्या-थोड्या अंतरावर काचेचे मणी घ्या, त्यांच्या वजनानं जाळी वाऱ्यानं उडत नाही. मणी काम सुरू करण्याआधीच दोऱ्यात ओवून घ्यायचे असतात, हे लक्षात ठेवा. मागाहून ते घालणं अवघड जातं.

सुती साडीच्या पदराला किंवा ओढणीला शिंपल्याचा काठ हेही उन्हाळ्याचंच काम. कापडाच्या कडेला आधी शिवायच्या सुईनं काजटाका घालून घ्या, सारख्या अंतरावर. मग त्या काजटाक्यांत मुक्या खांबांची एक ओळ, आणि तिच्यावर शिंपले: एक मुका खांब, दोन घरं सोडून एकाच घरात पाच खांब, दोन घरं सोडून पुन्हा मुका खांब. सहाच्या पटीत अधिक एक एवढी घरं लागतात. इतका साधा काठ साध्या मलमलच्या साडीला वेगळीच शोभा देतो. या बारीक सुती क्रोशाची आपल्या देशात मोठी परंपरा आहे. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे, तिथे १९व्या शतकात मिशनऱ्यांनी हे काम शिकवलं आणि आजही तिथल्या बायका घरी बसून ही लेस करतात. यंत्रावर क्रोशासारखं दिसणारं कापड होतं, खरा क्रोशा मात्र हातानंच करावा लागतो. म्हणून बाजारात क्रोशाची वस्तू घेताना घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं.

पाऊस सुरू झाला की बाहेरची कामं थांबतात आणि तोरणाचे दिवस येतात. याच ठिकाणी मला सगळ्यात जास्त वेळ द्यायचाय, कारण दारावर क्रोशाचं तोरण ही आपल्याकडची जुनी हौस आहे. आजीच्या रुखवतात अशी तोरणं असायची आणि आताच्या मुलींना ती पुन्हा करावीशी वाटताहेत.

'शुभ लाभ', स्वस्तिक, मोर, कलश हे सगळं ज्या जाळीत उमटतं ती मुळात दोनच प्रकारच्या घरांची, म्हणजे चौकटींची असते. रिकामं घर म्हणजे एक खांब, दोन साखळ्या. भरलेलं घर म्हणजे तीन खांब. दोन्हींच्या शेवटी समोरचा एक खांब घर बंद करतो. म्हणून कितीही घरं असली तरी एकूण टाके घरांच्या तिप्पट अधिक एक. चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची, भरलेली घरं पेन्सिलीनं रंगवायची, आणि तीच विणत जायची. पहिल्या ओळीची सुरुवात भरलेल्या घरानं असेल तर साखळ्या घरांच्या तिप्पट अधिक तीन घाला आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घ्या. सुरुवात रिकाम्या घरानं असेल तर तिप्पट अधिक पाच, आणि पहिला खांब आठव्या साखळीत. पुढच्या प्रत्येक ओळीच्या आरंभी भरल्या घरासाठी तीन साखळ्या, रिकाम्यासाठी पाच.

तोरण लांबीच्या बाजूनं सुरू करू नका. चारशे-पाचशे साखळ्या मोजताना जीव जातो आणि दाराला पुरेल की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. उभ्या, आखूड बाजूनं सुरू करा. 'शुभ'ला खाली उकार आहे, वर शिरोरेषा आहे, वर-खाली मोकळी जागा हवी. म्हणून उंची किमान १५ घरं धरा. १५ घरं म्हणजे ४६ टाक्यांची छोटीशी ओळ. कागद आडवा फिरवून वाचायचा, अक्षरं आडवी झोपलेली दिसतील, तसंच विणत जायचं. समजा तुमच्या हाताच्या १० ओळी ६ सेंटिमीटर भरतात आणि दार ९० सेंटिमीटरचं आहे, तर १५० ओळी लागतील. म्हणजे जवळजवळ सात हजार टाके. रोज तासभर हात चालला तर हे काम होतं, पण दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सुरू करून होत नाही. आषाढात सुरुवात करा. गणपतीपर्यंत अर्ध्याच्या पुढे जाल, दसऱ्या-दिवाळीला दारावर लागेल.

आणखी दोन गोष्टी. खांबाचं घर प्रत्येकीच्या हातात अगदी चौरस येतंच असं नाही. दहा घरं आणि दहा ओळींचा नमुना करून मोजा. ओळी जास्त उंच येत असतील तर अक्षरं आडवी ताणलेली दिसतील, तेव्हा कागदावरच अक्षराची रुंदी एखाद्या घरानं कमी करा. दुसरं, अक्षरं उलटी उमटली म्हणून घाबरून उसवू नका. ही जाळी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. सुरुवातीपासून एकाच पद्धतीनं उलटी आली असतील तर तोरण फिरवून लावा, 'शुभ लाभ' सरळ वाचता येईल. खालचे कंगोरे आणि गोंडे सगळ्यात शेवटी, घरात मुलं असतील तर त्यांच्याकडून गोंडे करून घ्या.

गणपतीच्या आराशीसाठी क्रोशाची फुलंही याच दिवसांत होतात. गुलाबासाठी आयर्लंडची पद्धत शिका: पाकळ्यांच्या एका फेरीच्या मागून साखळ्यांच्या कमानी घालायच्या आणि त्या कमानींवर पुढच्या, मोठ्या पाकळ्या. १८४५ नंतरच्या दुष्काळात तिथल्या कित्येक घरांना या कामानं आधार दिला होता. जास्वंद मात्र वेगळी करावी लागते: पाच सुट्ट्या पाकळ्या, टोकाशी रुंद, आणि मधला तुरा पिवळ्या साखळीचा.

आकाशकंदील, फुलं, चांदण्या ताठ उभ्या राहायला खळ लागते. साखरेच्या पाण्याची पद्धत परदेशी नमुन्यांत सर्रास असते. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी मुंग्या येतात. भाताची पेज किंवा साबुदाण्याची खळ वापरा आणि सण झाला की वस्तू धुऊनच ठेवा, नाहीतर खळीच्या वासाला चंदेरी कसर लागते. नुसत्या शोभेच्या, कधीच न धुवायच्या वस्तूला पांढरा गोंद पाण्यात पातळ करून लावला तरी चालतो. दिव्याच्या कंदिलात मेणबत्ती मुळीच ठेवू नका, कमी उष्णतेचा एलईडी दिवाच ठेवा.

आता मोजमापाचं, कारण इथेच सगळ्यात जास्त कामं वाया जातात. परदेशी नमुन्यात ८ नंबरची सुई लिहिली असेल तर तो अमेरिकेचा ८ आहे का बघा. तो ५ मिलिमीटरचा असतो. आपल्याकडे जुना ब्रिटिश क्रमांक चालतो आणि त्यात ८ म्हणजे ४ मिलिमीटर. शिवाय आपल्या क्रमांकात आकडा वाढला की सुई बारीक होते (१० नंबर सव्वातीन मिलिमीटर, १२ नंबर पावणेतीन), आणि त्यांच्यात जाड होते. तेव्हा नंबर सोडा, मिलिमीटर वाचा. क्रोशाच्या नमुन्यातही असाच घोटाळा आहे. अमेरिकन लोक ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात तो आपला खांब; ब्रिटिश नमुन्यात त्याच नावानं मुका खांब सांगितलेला असतो. नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' आलं असेल तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही.

नमुन्याचा तुकडा विणायचा कंटाळा करू नका. हातभर नको, १५ सेंटिमीटरचा चौरस पुरे. मधले १० सेंटिमीटर मोजा, आणि धुऊन वाळवल्यावर मोजा. ६० सेंटिमीटर घेराच्या बाळस्वेटरला २२ टाक्यांच्या हिशेबानं १३२ टाके लागतात. तुमचा हात थोडा सैल असेल आणि १० सेंटिमीटरमध्ये २०च बसत असतील, तर त्याच १३२ टाक्यांचा घेर ६६ सेंटिमीटर होतो. दोन टाक्यांचा फरक बाळाला एक वय मोठा स्वेटर देऊन जातो. जाळी करणार असाल तर तुकडाही जाळीचाच हवा, साध्या टाक्याचा चालत नाही.

लोकर घेताना सगळी एकदम घ्या आणि लेबलवरचा रंगाचा लॉट क्रमांक सारखा आहे ना ते बघा. एकच गुंडा कमी पडला आणि नंतर आणला तर पाठ एका रंगाची आणि बाही दुसऱ्या. अगदीच वेळ आली तर जुन्या आणि नव्या गुंड्यातून दोन-दोन ओळी आलटून-पालटून विणा, फरक विरून जातो.

शेवटचा हात फिरवणंही दोऱ्याप्रमाणे. खरी लोकर कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट गादीवर टाचण्या लावून वाळवा. जाळीची भोकं तेव्हाच उघडतात. सुताला वाफेची इस्त्री चालते. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका, ते कायमचं लुळं पडतं आणि रिबचा सगळा जोर जातो. पावसाळ्यात लोकरीच्या वस्तू धुवायच्याच नाहीत, त्या वाळत नाहीत आणि कुबट होतात. फाल्गुनात धुऊन, खडखडीत वाळवून, सुती कापडात कडुनिंबाचा वाळका पाला घालून बांधून ठेवा.

तुम्ही अगदी या आठवड्यात सुरू करणार असाल तर पेल्यावरची गोल जाळी आणि सगळ्या ओळी सुलट असलेला एक छोटा चौरस, ही दोनच कामं घ्या. दोन्ही दोन-तीन बैठकांत संपतात आणि तुमच्या हाताचा ताण किती आहे ते तुम्हाला कळतं. तो कळल्याशिवाय तोरणाची साखळी घालू नका. आणि जे काही भेट द्याल त्याच्यासोबत त्याच दोऱ्याची एक छोटी लडी आणि धुवायची पद्धत लिहिलेली चिठ्ठी द्या. कुठे टाका सुटलाच, तर घेणाऱ्या घरातली कुणीतरी क्रोशाच्या सुईनं तो वर उचलून त्याच दोऱ्यानं पक्का करू शकेल.